हाईम पेझारकरचे जादा चार इंच

आधी जिना

१९६९च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅममधल्या एका सरळमार्गी गल्लीतल्या सरळमार्गी घरात, जिन्याच्या मधल्याच पायरीवर एक कुंडी उपडी घातलेली होती. वर जाणारा प्रत्येक जण ती ओलांडून जाई आणि ओलांडता ओलांडता घरमालकाकडे पाही. घरमालक हाईम पेझारकर त्या वेळी खिडकीबाहेर पाहत असे. त्याची बायको मिल्का, कोणी विचारलंच तर, ती तिथेच बरी आहे असं सांगे.

कुंडीखाली भोक होतं. भोकाखाली कपाट होतं. कपाटात बंदूक असायला हवी होती, पण ती पोलीस स्टेशनात होती. आणि मुंबईहून सासरे आलेले होते, ते खास ती बंदूक पाहायला.

हे सगळं उलट्या क्रमानं सांगितलं तर हाईम गुन्हेगार वाटतो. म्हणून सुलट.

शून्य इंच

मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हाईम मोजणी खात्यात होता. बाकीचे बनवत, हाईम मोजत असे. माप केसाएवढं जरी चुकलेलं असलं तरी तो तो भाग दोन बोटांत धरून, बनवणाऱ्याच्या टेबलावर हळूच ठेवून येई. बोलत नसे. न बोलण्यामुळेच तो लोकांना जास्त लागे. घरीसुद्धा एकदा त्यानं मिल्काची पोळी ताटातल्या ताटात फिरवून पाहिली होती आणि ही एका बाजूनं लांब आहे, असं म्हटलं होतं. एकदाच. पुढचे तीन दिवस घरात पाव होता.

तर अशा माणसाला बंदुकीची गरज काय? गरज सासऱ्यांची होती.

सुभेदार राफाएल अष्टमकर. निवृत्त. सगळी नोकरी फौजेच्या शस्त्रागारात गेलेली. लग्नाच्या मांडवात त्यांनी आपल्या जुन्या साहेबांना हाईमची ओळख करून दिली होती: "हे आमचे जावई. मोजमापं करतात." वाक्यात वावगं काहीच नव्हतं. पण सूर असा होता की ऐकणाऱ्यानं 'अरेरे, औषध चालू आहे का' असं विचारावं. तो सूर हाईमच्या कानात मुंबईहून बोटीत बसला आणि टिलबरीला त्याच्याबरोबरच उतरला.

यंदा पप्पा लेकीकडे उन्हाळ्याला येणार असं कळलं, तेव्हा हाईम कारखान्याच्या नेमबाजी क्लबात जायला लागून काही महिने झाले होते. तिथे चहा चांगला मिळतो हे त्याचं मूळ कारण. पण नेम बरा लागू लागला होता. त्यानं मुंबईला कळवलं की आपण स्वतःची बंदूक घेतो आहोत. पप्पांचं उत्तर आलं, त्यात हवापाणी, शेजारपाजार आणि शेवटी बंदुकीविषयी एकच शब्द होता: पाहू.

हा सगळा उपद्व्याप त्या एका 'पाहू'चा आहे.

वीस इंच

क्लबातले अर्नेस्ट नावाचे म्हातारे निवृत्त होऊन समुद्राकाठी निघाले होते. त्यांच्याकडे विकायला एक आखूड रायफल होती. कार्बाइन. खालचा खटका पुढे-मागे केला की नवी गोळी चढायची, आणि गोळ्या पिस्तुलाच्या लागायच्या. क्लबाची नेमबाजी कारखान्याच्या तळघरात चाले आणि तिथल्या मागच्या भिंतीला पिस्तुलाच्याच गोळ्या सोसत, मोठ्या रायफलीच्या नाही. त्यामुळे रायफलीचा रुबाब आणि पिस्तुलाचा खुराक, असं हे स्थळ हाईमला सर्व बाजूंनी योग्य वाटलं.

मग पोलिसांचा परवाना. इंग्लंडात बंदूक मागायला गेलं की ते आधी कशाला हवी असं विचारतात. हाईमला 'सासऱ्यांसाठी' हे खरं उत्तर देता येईना, म्हणून क्लबाचं नाव पुढे केलं. मग कॉन्स्टेबल प्रॉबर्ट घर पाहायला आला. गुलाबी गालांचा, वेल्सच्या सीमेकडचा, कुठल्याही प्रश्नाला आधी "वेल" म्हणून मग बराच वेळ काहीच न म्हणणारा.

जिन्याखाली हाईमनं कपाट बनवलं होतं. ओकच्या फळ्या, दोन कुलुपं, आणि आत बंदुकीच्या अंगाबरोबर कोरलेली खाच. अर्नेस्टकडे जाऊन तो माप घेऊन आला होता. मापाचा लाकडी ठोकळा खाचेत घालून त्यानं प्रॉबर्टला कपाट हलवून पाहायला सांगितलं. प्रॉबर्टनं हलवलं. काही वाजलं नाही. प्रॉबर्ट म्हणाला की त्याच्या बायकोच्या दागिन्यांनासुद्धा एवढी चांगली जागा नाही.

परवाना आला, बंदूक आली. हाईम त्याआधी नवस बोलला होता की परवाना मिळाला तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे गोड पोह्यांचं ताट: गूळ, खोबरं, वेलदोडा, वर फळं, आणि वास घ्यायला सबजाची डहाळी. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत नवस फेडायचा तो एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया नबीच्या नावानं, आणि असाच फेडायचा. मिल्काला बंदुकीसाठी नवस चालतो का अशी शंका होती. हाईमनं तिला सांगितलं की जो नबी आगीच्या रथात बसून स्वर्गात गेला तो धुराला बिचकणार नाही. मलिदा पप्पा आल्यावर करायचा ठरला. पोहेही तेच आणणार होते.

इथपर्यंत गोष्ट सुखाची होती. इथे ती संपली असती तर वाचनीय झाली नसती, पण हाईमला चाललं असतं.

वीस उणे चोवीस

हाईमचा मुंबईपासूनचा मित्र डॉक्टर शशिकांत नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात होता आणि दर रविवारी जेवायला बर्मिंगहॅमला असायचा. त्याची निदानाची पद्धत अशी की पेशंटचं पहिलं वाक्य ऐकायचं आणि बाकीची त्याच्या वतीनं स्वतःच बोलायची. वर्तमानपत्रही तो तसंच वाचे. पहिला परिच्छेद वाचायचा, उरलेलं ओळखायचं.

त्या रविवारी त्यानं बंदूक पाहिली, वाहवा केली, दुसऱ्यांदा भात घेतला आणि मग विचारलं, "नळी किती लांब आहे रे?"

"वीस."

"मोजलीस?"

या प्रश्नाचं उत्तर हाईमनं दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे ते विचारण्याजोगे होते हे कबूल करणं.

"मग तू आत जाणार," शशिकांत म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. "नवा कायदा आलाय. चोवीस इंचांपेक्षा आखूड नळी म्हणजे गुन्हा. बँका लुटणारे नळ्या कापतात ना, त्यांच्यासाठी. मी स्वतः पेपरात वाचलं."

"पण मला पोलिसांनीच परवाना दिलाय."

"देतात. आधी घेऊ देतात, मग धरतात. प्रॉबर्ट पुन्हा येणार आहे ना?"

येणार होता. बंदुकीचा नंबर ताडून पाहायला, पुढच्याच आठवड्यात.

मिल्का म्हणाली, पोलिसांनाच फोन करून विचारा. त्यावर शशिकांतनं तिला समजावलं की आपला गुन्हा बरोबर आहे का, असं पोलिसांना फोन करून विचारण्याची पद्धत कुठल्याच देशात नाही. क्लबाच्या सेक्रेटरीला विचारावं तर तो कुटुंबासह तंबू घेऊन गावाबाहेर गेलेला. अर्नेस्ट समुद्राकाठी, पत्ता न देता.

राहता राहिले शेजारी. मिस्टर टाँक्स कुंपणापलीकडे पुदिना खुडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की रेवाचिनीच्या वाफ्याखाली जमीन भुसभुशीत आहे. त्यांनी युद्धानंतर तिथे काय काय पुरलंय हे त्यांच्या बायकोलासुद्धा माहीत नाही. हाईमनं आभार मानले. टाँक्सनी पुदिन्याची जुडी दिली आणि तुरुंगात जेवण पूर्वीपेक्षा सुधारलंय असा धीरही दिला.

चोवीस इंच

मोजणी खात्याचा एक साधा नियम आहे. माल जास्त असेल तर घासून बसवता येतो. कमी असेल तर भंगारात. कमीला भर घालून पास करायचं नाही. हाईमनं वर्षानुवर्षं हा नियम दुसऱ्यांच्या टेबलांवर ठेवला होता. पण दुसऱ्यांच्या टेबलांवर सासरे येत नव्हते.

शिफ्ट संपल्यावर त्यानं लेथवर एक पोलादी तुकडा करायला घेतला. बाहेर चार इंच दिसणारी, बंदुकीच्या तोंडावर टोपीसारखी बसणारी नळी. आतून आरशासारखी गुळगुळीत. तिचं तोंड बंदुकीच्या नळीपेक्षा मुद्दाम केसभर तंग ठेवलं. म्हणजे तापवली की फुगेल, चढवता येईल, आणि गार झाली की अशी आवळेल की दोन्ही मिळून एकच होतील.

तापवायला ओव्हन लागतो. त्या दिवशी शुक्रवार होता आणि ओव्हनमध्ये सब्बाथच्या रात्रीच्या जेवणाची कोंबडी होती.

"कोंबडी बाहेर काढणार नाही," मिल्का म्हणाली.

"नको काढूस. वरच्या कप्प्यात जागा आहे."

"अहो, पण वास?"

"पोलादाला वास नसतो."

पोलादाला नसतो, पण लेथच्या तेलाला असतो. ती कोंबडी रेबेका अजूनही विसरलेली नाही. रेबेका ही मिल्काची बहीण, स्टॅनमोरहून मुद्दाम जेवायला आलेली. पण नळी बसली. हाईमनं मापलं. चोवीस. ना कमी, ना जास्त. त्या रात्री तो नीट झोपला.

सकाळी बंदूक कपाटात ठेवायला गेला तर ती बसेना. कपाट त्यानं बंदुकीच्या मापाचं केलं होतं, आणि हाईमनं मापाचं केलेलं म्हणजे मापाचंच. चार इंच तर सोडाच, चार कागद जास्त शिरायची सोय नव्हती. नवं कपाट करावं तर परवाना या कपाटावर मिळालेला. खाली जमीन. वर जिन्याची पायरी.

हाईमनं बराच वेळ पायरीकडे पाहिलं.

भोक अगदी सुबक झालं, नळीच्या जाडीचं. बंदूक उभी केली की तिचं तोंड पायरीतून बोटभर वर डोकावायचं. बाहेर काढायची तर आधी आणखी वर ढकलून मग दस्ता पुढे ओढावा लागे. मिल्कानं हे सगळं पाहिलं, मागच्या अंगणात गेली आणि कुंडी घेऊन आली.

पायरीवरचा कॉन्स्टेबल

प्रॉबर्ट आला तेव्हा त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, हवेविषयी बोलणं झालं. मग तो नंबर पाहू या म्हणाला. हाईम कपाटात वाकला. प्रॉबर्टनं वाट पाहत जिन्याला रेलून एक पाय पायऱ्यांवर ठेवला, कुंडी दिसली म्हणून बागकामाची आवड असलेल्या माणसानं उचलावी तशी उचलली आणि तेवढ्यात त्याच्या बुटाशेजारून पायरीतून पोलादी नळी सावकाश वर आली.

प्रॉबर्ट "वेल" म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते हाईमनं पुढे कित्येक वर्षं कोणालाच पूर्ण सांगितलं नाही. प्रॉबर्टनं बंदूक स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली, टेप लावली, नळीत डोकावला, वही काढली, मिटली.

"सर, ही लांब का केलीत?"

हाईमनं कायदा सांगितला. प्रॉबर्टनं सगळा ऐकून घेतला. मग अतिशय हळुवारपणे, घरात कोणी गेल्याचं सांगावं तसं सांगितलं की चोवीस इंचांचा नियम छऱ्याच्या बंदुकांना आहे, ज्यांची नळी आतून गुळगुळीत असते. हाईमच्या नळीला आतून पेचदार खाचा आहेत. ती वीस इंचांची असताना पूर्णपणे कायदेशीर होती.

"मग आता काढतो," हाईम म्हणाला.

"तेच म्हणतोय," प्रॉबर्ट म्हणाला. "आता पुढचे चार इंच गुळगुळीत आहेत. ही जर गुळगुळीत नळी धरली, तर ती चोवीसपेक्षा आखूड करणं हा गुन्हा. नाही धरली, तर लांब का केली हे मला वरती लिहून द्यावं लागेल. आणि मला ते लिहिता येईल असं वाटत नाही."

मिल्कानं आणखी चहा ओतला. शेवटी असं ठरलं की बंदूक पावती देऊन स्टेशनवर न्यायची, तिथून बंदुकीच्या कारागिराकडे, आणि मग वरिष्ठ काय म्हणतात ते पाहू. प्रॉबर्टनं तो तुकडा हातानं ओढून पाहिला. मग गुडघ्यांत धरून पाहिला. तो कसा बसवलाय असं विचारलं. हाईमनं कोंबडीचा उल्लेख टाळला.

जाताना प्रॉबर्टनं कुंडी होती तशी उपडी ठेवली. चांगला माणूस.

पाहू

चार दिवसांनी पप्पा आले. हातात पोह्यांची पिशवी, अंगात कोट, छातीवर नसली तरी आहेत असं वाटायला लावणारी पदकं. चहा घेण्याआधी त्यांनी विचारलं, "बंदूक?"

"सर्व्हिसिंगला दिलीय, पप्पा."

"नवी ना?"

"तरी."

पप्पांनी कपाट उघडून रिकामी खाच पाहिली. मान वर करून भोक पाहिलं. भोकातून कुंडीची आतली बाजू पाहिली. जिना चढताना कुंडीला पाय लागून ती गडगडत खाली गेली, ती त्यांनी स्वतः उचलून आणून ठेवली. काही विचारलं नाही. शस्त्रागारात अख्खी नोकरी झालेला माणूस जेव्हा काही विचारत नाही, तेव्हा तो हजेरी घेत असतो. हाईमचं जेवण कमी झालं. मिल्का रात्री म्हणाली, खरं सांगून टाका. हाईम म्हणाला, मलिदा होऊन जाऊ दे. मलिदा रविवारी होता. माणसं बोलावून झाली होती, आणि ज्या बंदुकीसाठी नवस तीच घरात नाही हे नबीला परवडेल पण सासऱ्यांना परवडणार नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

रविवारी दिवाणखाना भरला. स्टॅनमोरहून रेबेकाचं कुटुंब आलं, इतर दोन-तीन घरं आली. शशिकांत कडेला, डोक्यावर रुमाल बांधून, कोणाचं निदान न करता बसला होता. मधे ताट: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर सफरचंदं, केळी, खजूर. सबजा बर्मिंगहॅमात मिळेना, म्हणून टाँक्सांचा पुदिना. तो मात्र ताटात उभा राहीना. सारखा केळ्यांवर आडवा पडे.

पप्पांनी म्हणायला सुरुवात केली. एलियाहूला बोलावण्याचं गीत सगळ्यांनी उचललं, ताल धरला गेला, आवाज चढला, आणि नेमक्या त्याच वेळी दारावरची घंटा वाजली.

गीत अर्ध्यावर थांबलं. रेबेकाच्या सासूबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला.

हाईमनं दार उघडलं. बाहेर प्रॉबर्ट. एका हातात लांबोडकी पेटी, दुसऱ्या हातात तपकिरी कागदाची छोटी पुडी. आत एवढी माणसं पाहून त्यानं शिष्टाचार म्हणून हेल्मेट काढायला घेतलं, तर दिवाणखान्यातून चार-पाच जण एकदमच ठेवा ठेवा म्हणाले. देवाच्या कामाला डोकं झाकलेलं लागतं. आणि मलिद्याच्या वेळी दारी आलेल्या माणसाला तसंच परत पाठवत नाहीत. प्रॉबर्टला आत बसवलं, पुढ्यात बशी आली. तो पेटी मांडीवर घेऊन, हेल्मेटसकट पोहे खाऊ लागला आणि गोड हसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वेल, सर. वरिष्ठांचं म्हणणं असं की बंदूक नेहमीच कायदेशीर होती."

मग, कोणी न विचारता, त्यानं सगळं सांगितलं. नियम, नळी, चार इंच, पायरी. रेबेकानं त्यात ओव्हनची भर घातली. एका कोपऱ्यातून खुसखुस सुरू झाली, मग ती सगळीकडे पसरली. हाईम खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तो ते नीट पाहत होता.

हसले नाहीत ते पप्पा. त्यांनी हात पुढे केला. प्रॉबर्टनं आधी बंदूक मोकळी असल्याचं दाखवलं आणि मग दिली. पप्पांनी ती उलटसुलट पाहिली. पुडी उघडली. चार इंचांचा तुकडा डोळ्याला लावून खिडकीच्या उजेडात धरला. मग तो बंदुकीच्या तोंडावर नुसता टेकवला. सांधा कुठे आहे ते दिसेना.

"हा काढला कसा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"कारागिराला अख्खा दिवस लागला, सर," प्रॉबर्ट म्हणाला. "तो म्हणाला, हे ज्यानं केलंय त्याला माझ्याकडे नोकरीला पाठवा, पण आधी वाचायला शिकवा."

"आणि माप?"

"चोवीस. आम्ही तीन वेळा मोजलं. खरं तर दुसऱ्यांदा मोजायचीही गरज नव्हती."

पप्पांनी तुकडा ताटात उभा ठेवला. मग आडवा पडलेला पुदिना उचलून त्यात खोवला. पुदिना ताठ उभा राहिला, कललासुद्धा नाही.

"वाचन कोणी केलं होतं?" त्यांनी मराठीत विचारलं.

शशिकांतनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि आपल्याला परतीची ट्रेन आहे असं म्हणाला. ट्रेनला बराच अवकाश होता.

उरलेलं गीत म्हणून झालं. पुदिन्याचा वास सगळ्यांनी घेतला, प्रॉबर्टनंही, आणि तो त्याला ओळखीचा वाटला. जाताना बंदूक त्याच्यासमोर कपाटात ठेवली. बसली. पप्पांनी कपाट धरून हलवलं. काही वाजलं नाही. त्यांनी पुन्हा हलवलं, या वेळी जरा जास्त वेळ, जसं काही वाजू नये म्हणूनच हलवत असावेत. मग ते जिन्यावर गेले, कुंडी बाजूला केली आणि तो पोलादी तुकडा वरून भोकात सोडला. थोडा गेला आणि घट्ट बसला. अर्धा वर, पुदिन्यासकट.

दारात मिस्टर टाँक्स उभे होते. पोलीस आलेला पाहून ते, गरज पडली तर वाफा मोकळा आहे हे सांगायला आले होते. मिल्कानं त्यांच्या हातात बशी दिली. पप्पा जिन्यावरून खाली आले, टाँक्सांशी हात मिळवला आणि हाईमकडे बोट केलं.

"हे आमचे जावई," ते इंग्रजीत म्हणाले. "मोजमापं करतात."

हाईमनं कान टवकारले. वाक्य तेच होतं.

"यांनी मोजलेलं," पप्पा म्हणाले, "पोलीस पुन्हा मोजत नाहीत."